पेशीतले हमाल मोजण्याचं काम: रिसर्च करायचाय म्हणणाऱ्या सांगलीच्या मुलीच्या वडिलांना उत्तर

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं, की मुलगी सांगलीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, बॉटनी घेतलंय, तिला सेल बायोलॉजी आणि बायोफिजिक्समध्ये रिसर्च करायचाय, घरातली मंडळी म्हणतायत बी.एड. करून मोकळी हो, आणि तुम्हाला कळेना झालंय की ही रिसर्चवाली माणसं दिवसभर नेमकं करतात काय, त्यात पोट भरतं का, आणि बारावीला गणित सोडलेल्या पोरीला हे झेपेल का. मी याच कामात वीस वर्षं आहे, मूळचा सांगलीचाच, वडील मार्केट यार्डात हमाल होते, त्यामुळं तुमची काळजी मला ओळखीची आहे. उत्तर लांबणार आहे, सवडीनं वाचा आणि मुलीलाही वाचायला द्या.

आधी काम काय असतं ते सांगतो, पगाराचं नंतर.

तुमच्या मुलीनं कांद्याच्या मुळाचं प्रॅक्टिकल नक्की केलं असणार. कांदा ग्लासातल्या पाण्यावर ठेवायचा, मुळं फुटली की टोकं कापायची, रंग लावून कव्हरस्लिप अंगठ्यानं दाबायची आणि मायक्रोस्कोपखाली क्रोमोसोम बघायचे. काही ठिकाणी मुळं आधी कॉल्चिसिन नावाच्या रसायनात ठेवतात, म्हणजे विभाजन मधेच अडकतं आणि क्रोमोसोम मोजायला सोपे जातात. आम्ही हे केलं, जर्नलला आकृती काढली, सही घेतली आणि विसरलो. विभाजन अडकतं ते का, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझं सगळं करिअर त्या एका ‘का’च्या पोटात होतं.

हे कॉल्चिसिन आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात जी कळलावी फुलते ना, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं असलेली, तिच्यातही असतं, कंदात आणि बियांत (विषारी आहे, हात लावून खेळायची गोष्ट नाही). ते पेशीतल्या एका प्रोटीनला जाऊन चिकटतं. १९६७ मध्ये गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी कॉल्चिसिनलाच किरणोत्सारी खूण लावली आणि ते पेशीत कुणाला चिकटतंय याचा माग काढला, तेव्हा जे प्रोटीन हाती लागलं त्याला पुढं ट्यूब्युलिन नाव पडलं. ट्यूब्युलिनचे मणी एकाला एक जोडून पोकळ नळ्या होतात, साधारण २५ नॅनोमीटर जाडीच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), त्या मायक्रोट्यूब्यूल. विभाजनाच्या वेळी क्रोमोसोम ओढायला त्याच लागतात, कॉल्चिसिन त्या बनू देत नाही म्हणून कांद्याची पेशी अर्ध्यात अडकते. आणि विभाजन नसतं तेव्हा याच नळ्या पेशीतले रस्ते असतात, ज्यांच्यावरून माल जातो.

माल कसला, तर पेशीला लागणारं सगळं, पिशव्यांत भरलेलं. रस्ते कशाला हवेत ते मज्जापेशीवरून समजेल. कमरेपाशी मणक्यातून निघून पायाच्या बोटांपर्यंत जाणारा पेशीचा धागा मोठ्या माणसात साधारण मीटरभर लांब असतो, सगळा एकाच पेशीचा, आणि त्यातली बरीचशी प्रोटीनं वरती बनतात. जत्रेच्या गर्दीत माणूस जसा सगळीकडून ढकलला जात कुठंतरी पोचतो तसं नुसतं धक्के खात जायचं म्हटलं तर अंतर दहापट वाढलं की वेळ शंभरपट वाढतो, आणि त्या हिशेबानं एका छोट्या प्रोटीनला मीटरभर जायला हजार-दीड हजार वर्षं लागतील. प्रत्यक्षात पिशव्या दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर जातात, म्हणजे अडीच ते पाच दिवसांत बोटापर्यंत पोच. कोणीतरी ओढून नेतंय म्हणूनच हे होतं.

तो ‘कोणीतरी’ सापडला त्याची गोष्ट मला फार आवडते. १९८३ च्या सुमारास रॉन वेल नावाचा स्टॅनफर्डचा पीएचडीचा विद्यार्थी आणि मायकेल शीट्झ यांना स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करायचा होता, पण त्या वर्षी एल निन्यो होता आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर स्क्विडच मिळेनात. एल निन्यो म्हटलं की आपल्याकडं पाऊस कमी एवढंच आपल्याला ठाऊक, तिकडं त्याच्यामुळं ही पोरं देशाच्या दुसऱ्या टोकाला वूड्स होलच्या समुद्री प्रयोगशाळेत गेली, तिथं टॉम रीझ भेटले, आणि १९८५ मध्ये त्यांनी मिळून तो ओढणारा रेणू वेगळा काढला. नाव ठेवलं कायनेसिन. पिशवी पाठीवर घेऊन मायक्रोट्यूब्यूलवर दोन पायांनी चालतो तो. १९९३ मध्ये स्वोबोडा, ब्लॉक आणि सहकाऱ्यांनी त्याचं पाऊल मोजलं, ८ नॅनोमीटर. सेकंदाला साधारण शंभर पावलं, प्रत्येक पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू. २००४ मध्ये यिल्डिझ आणि सेल्विन यांच्या ग्रुपनं दाखवलं की पाय खरोखर एकापुढं एक पडतात, मागचा पाय १६ नॅनोमीटर उचलून पुढं येतो तेव्हा ओझं ८ नं सरकतं.

आता यात फिजिक्स कुठं आलं, तर हे मोजण्यात. आर्थर ॲश्किन यांनी १९८६ मध्ये दाखवलं की लेसर भिंगातून एका बिंदूवर गोळा केला की त्या बिंदूपाशी बारका मणी अडकून राहतो, जणू स्प्रिंगला बांधलाय. याला ऑप्टिकल ट्रॅप म्हणतात, त्यासाठी त्यांना २०१८ ला वयाच्या ९६ व्या वर्षी नोबेल मिळालं. मण्याला कायनेसिन चिकटवायचं, मणी ट्रॅपमध्ये धरायचा, खाली मायक्रोट्यूब्यूल ठेवायचा आणि बघायचं की कायनेसिन तो मणी किती जोरानं ओढतो. साधारण ६ पिकोन्यूटनला तो थांबतो. मोहरीचा एक दाणा २ मिलिग्रॅमचा धरला तर त्याचं वजन २ कोटी पिकोन्यूटन भरतं, यावरून अंदाज घ्या की आम्ही कसले जोर मोजत बसतो.

२००७ च्या दिवाळीत मी बेंगळुरूहून घरी आलो होतो, पीएचडीचं तिसरं वर्ष, आणि वडिलांनी पहिल्यांदाच नीट विचारलं की तू तिथं करतोस काय. म्हटलं अण्णा, पेशीत पण हमाल असतात, पाठीवर पोतं घेऊन दोरीवरून चालतात, मी ते किती ओझं उचलतात ते मोजतो. ते थोडा वेळ गप्प बसले, मग विचारलं, “ओझं झेपंना झालं की तो तिथंच उभा ऱ्हातो का टाकून देतो?” आणि जरा वेळानं, “एकट्याला झेपत नसंल तर तिघं-चौघं लागत असतील की, मग ते खांदा जुळवून उचलत्यात का आपापलं वढत्यात?”

भाऊ, मी थक्क झालो, कारण त्या काळात जगातल्या चांगल्या चांगल्या लॅब नेमक्या याच दोन प्रश्नांवर झटत होत्या. चाळीस वर्षं हळदीची पोती वाहून थप्पी लावणाऱ्या माणसाला ते दोन मिनिटांत सुचले. उत्तरं आज बरीचशी माहीत आहेत. कायनेसिन जोर संपला की थोडा वेळ टिकतं आणि सोडून देतं, शिवाय चार-पाच कायनेसिन जोडले तरी त्यांचा जोर नीट एकत्र येत नाही. उलट दिशेला जाणारी दुसरी मोटर आहे (अशा ओढणाऱ्या रेणूंना आम्ही मोटर म्हणतो), डायनीन, ती सस्तन प्राण्यांत बऱ्याच मोजमापांत एकटी फार अशक्त निघते पण ओढ बसली तरी धरून ठेवते. आणि २०१३ मध्ये मुंबईच्या टीआयएफआरमधल्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) रूप मल्लिक यांच्या ग्रुपनं दाखवलं की डायनीन टोळीनं काम करतात तेव्हा ओझं आलं की पुढचा गडी पावलं आखूड टाकतो, तेवढ्यात मागचे येऊन खांदा लावतात, आणि ओझं वाटलं जातं. मल्लिक यांची पीएचडी फिजिक्सची, नंतर ते या विषयात आले, २०१८ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला त्यांना. त्यांच्याच ग्रुपचं आणखी एक काम मी आईला सांगितलं होतं, लिव्हरमधल्या चरबीच्या थेंबांना कायनेसिन ओढून नेतं आणि पोट उपाशी असलं की ते थेंबांवरून कमी होतं, त्यामुळं लिव्हरमधून रक्तात जाणारी चरबी आवरली जाते. आईची एकादशी कधी चुकली नाही, तिला हे ऐकून बरं वाटलं.

वडिलांचं हे एवढं सांगितलं कारण तुमच्या मनात जो प्रश्न आहे की हे आपल्यासारख्यांच्या घरातल्या पोरांचं काम आहे का, त्याचं माझ्याकडचं उत्तर तेच आहे. एखादं काम अंगानं केलेल्या, नीट बघितलेल्या माणसाला प्रश्न बरोबर पडतात. इंग्रजी, सॉफ्टवेअर, लेसरची जोडणी हे सगळं शिकवता येतं, मी दरवर्षी शिकवतो.

पण रोजचं काम कसं असतं तेही ऐका. मण्याला पाण्याचे रेणू सतत धक्के देत असतात, आमच्या ट्रॅपमध्ये तो त्यानं साधारण ९ नॅनोमीटर थरथरतो, आणि मोजायचं पाऊल आहे ८ नॅनोमीटर. म्हणजे हलत्या एसटीत बसून सुईत दोरा ओवायचा. मोटर ओढायला लागली की सगळं ताणलं जातं आणि थरथर कमी होते, त्या खिडकीत पावलं दिसतात. जी थरथर नडते तिच्यावरूनच आम्ही ट्रॅपची स्प्रिंग किती कडक आहे ते काढतो, कारण खोलीचं तापमान माहीत असलं की थरथर किती असायला हवी त्याचं गणित पक्कं आहे. यासाठी लॅब तळघरात, एसीचा वारा टेबलावर येऊ द्यायचा नाही, टेबल हवेच्या पायांवर, आणि मी दोन वर्षं मुख्यतः रात्री काम केलं कारण दिवसा बाहेरून ट्रक गेला की आलेख हलायचा.

पीएचडीच्या चौथ्या वर्षी माझं पाऊल ८ च्या जागी ६ यायला लागलं. पुन्हा पुन्हा ६. मला वाटलं काहीतरी नवीन सापडलं, रात्री झोप लागेना, मनात पेपरचं नाव पण ठरलं. पाच महिने गेले त्यात. मग गाइडनं एकच विचारलं, मणी आणि मोटर यांच्यामधला दुवा किती लवचिक आहे ते मोजलंस का? मोजलं नव्हतं. रबरानं वीट बांधून ओढून बघा, हात आठ बोटं पुढं गेला तर वीट सहाच बोटं सरकते, उरलेलं रबर खातं. माझं कायनेसिन ८ च चालत होतं, मण्यापर्यंत ६ पोचत होते. दुरुस्ती घातल्यावर आकडा ८ च्या जवळ आला आणि माझा ‘शोध’ गेला. पण त्या पाच महिन्यांनी मला हे काम शिकवलं असं मी मानतो, कारण तेव्हापासून चांगला दिसणारा आकडा आला की आधी मी तो खोटा कसा असू शकेल ते बघतो, आणि विद्यार्थ्यांची निवड करतानाही मी हेच बघतो, मार्क नंतर.

आणखी एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. ट्यूब्युलिन लागतं ते आपल्याकडं बऱ्याच लॅब बोकडाच्या मेंदूतून काढतात. पहाटे कत्तलखान्यात जायचं, बर्फाच्या डब्यात मेंदू घेऊन पळत लॅबला यायचं, वाटायचं, थंडीत नळ्या सुटतात आणि ३७ अंशाला जीटीपी दिलं की जुळतात, असं थंड-गरम करत दिवसभर सेंट्रिफ्यूज फिरवत शुद्ध करायचं. आमच्या घरात माळकरी वातावरण, मला पहिल्या वेळी फार जड गेलं, आईला सांगायला दोन वर्षं लागली. सगळ्यांना हे करावं लागतं असं नाही, यीस्टवर, वनस्पतींवर, नुसत्या कॉम्प्युटरवर काम करणारेही पुष्कळ आहेत, पण मुलीशी आधी बोलून ठेवा.

या कामाचा उपयोग काय असंही घरचे विचारणार. माझ्या आत्याला मिरजेत केमो चालू होती, औषध पॅक्लिटॅक्सेल, तेच जे आम्ही लॅबमध्ये टॅक्सॉल म्हणून मायक्रोट्यूब्यूल टिकून राहावेत म्हणून घालतो. एका झाडाच्या सालीतून आधी मिळालेलं, अमेरिकेत १९९२ ला औषध म्हणून मंजूर झालं. कॉल्चिसिन नळ्या बनू देत नाही, हे सुटू देत नाही, दोन्हीकडून विभाजन अडकतं, म्हणून कॅन्सरच्या पेशी मरतात. तिसऱ्या-चौथ्या डोसनंतर आत्या म्हणाली पायाला मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. बऱ्याच पेशंटना हे होतं, आणि सगळ्यात लांबच्या नसांना, म्हणजे पायांना आणि बोटांना आधी होतं. रस्तेच बिघडले की लांबचा माल रखडणार, हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं, त्यावर अजून काम चालू आहे. मी तिला बरं करू शकलो नाही पण तिच्या पायात काय होतंय ते तिला समजेल असं सांगू शकलो, आणि त्या दिवशी परत लॅबला गेलो तेव्हा त्याच बाटलीकडं मी वेगळ्या नजरेनं बघितलं.

आता व्यवहाराचं. एम.एस्सी. होईपर्यंत वय २३, पीएचडी पाच-सहा वर्षं म्हणजे २९, मग पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं रिसर्चचं काम, तीन-चार वर्षं, बहुतेक जण परदेशात, म्हणजे पक्की नोकरी लागेस्तोवर ३३-३४. मला सुरुवातीला महिना आठ हजार मिळायचे, आता जेआरएफला (पीएचडीच्या सुरुवातीची फेलोशिप) ३७,००० आणि दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं, हे दर २०२३ पासूनचे. पीएचडीला तुमच्या खिशातून काही जायला नको, उलट पैसे देतात, हे घरच्यांना ठळक सांगा. पण प्रोफेसरच्या जागा कमी आणि उमेदवार जास्त, पीएचडी झालेले सगळे प्रोफेसर होत नाहीत. माझ्याकडून पीएचडी झालेल्यांपैकी कोणी मायक्रोस्कोपच्या कंपनीत आहे, कोणी औषध कंपनीत, एक जण डेटाचं काम करते, एक जण आपल्याच भागातल्या कॉलेजात शिकवते आणि फार छान शिकवते. आणि मुलगी आहे म्हणून लग्नाचं बोलणं २४-२५ ला सुरू होईल, ते तेव्हा थोपवून धरायला बाप लागतो, हे मी माझ्या विद्यार्थिनींच्या घरी जाऊन बघितलंय.

परीक्षा अशा. बी.एस्सी.नंतर जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा द्यायची, तिला बायोटेक्नॉलॉजीचा पेपर जमेल, त्यावर काही आयआयटीत एम.एस्सी. मिळते. आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांमध्ये, टीआयएफआरमध्ये आणि तिच्याच बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र केंद्रात इंटिग्रेटेड पीएचडी आहे, बी.एस्सी.वरून सरळ, टीआयएफआर-एनसीबीएससाठी जेजीबिल्स (JGEEBILS) नावाची वेगळी परीक्षा असते. एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-नेट, डीबीटी-बेट, या पीएचडीच्या फेलोशिपसाठीच्या परीक्षा. पण त्याच्या आधी, येत्या हिवाळ्यात, तीन विज्ञान अकादम्या मिळून जी समर फेलोशिप देतात तिचा अर्ज तिनं भरावाच, दोन महिने खऱ्या लॅबमध्ये राहता येतं, खर्चाला पैसे मिळतात, आणि त्या दोन महिन्यांत तिला स्वतःला कळेल की हे आवडतंय का नुसतं ऐकायला छान वाटतंय.

गणिताचं म्हणाल तर जॅमच्या त्या पेपरलाही बारावीच्या पातळीचं गणित आणि फिजिक्स असतंच, त्यामुळं अकरावी-बारावीची पुस्तकं परत काढावी लागतील, सुटका नाही. लॉगरिथम, आलेखाचा चढ, सरासरी आणि विखुरण, थोडं कॅल्क्युलस, आणि पायथनमध्ये छोटे प्रोग्रॅम. रोज तासभर बसली तर वर्षात होतं. मी उलट बाजूनं आलो, एम.एस्सी. फिजिक्स, मला पेशीतलं काही म्हणजे काही येत नव्हतं, मायटोकॉन्ड्रियाचं स्पेलिंगसुद्धा बघून लिहायचो. प्रत्येकाचं एक अर्धं कच्चं असतंच या विषयात.

आता हे शेवटचं पोरी तुझ्यासाठी. तळ्यात, जुन्या विहिरीत हायड्रिला मिळते, तिचं कोवळं पान पाण्याच्या थेंबात ठेवून मायक्रोस्कोपखाली बघ, थोडा वेळ उजेडात राहिलं की हिरवे क्लोरोप्लास्ट पेशीच्या कडेनं रांगेत फिरताना दिसतील, ते मायोसिन नावाच्या दुसऱ्या मोटरचं काम. कॉलेजात स्टेज मायक्रोमीटर असेल, एका मिलिमीटरचे शंभर भाग केलेली काच, मॅडमना मागून घे. आयपीसला मोबाइल लावून व्हिडिओ काढ, आधी मायक्रोमीटरचा, मग पानाचा, झूम अजिबात न बदलता. एक क्लोरोप्लास्ट किती फ्रेममध्ये किती मायक्रॉन गेला ते वीस क्लोरोप्लास्टचं वहीत लिही, शेजारी पाण्याचं तापमान, मग तेच कोमट पाण्यात आणि गार पाण्यात. जे क्लोरोप्लास्ट थांबलेले दिसतील तेही लिही, गाळू नकोस. मग तुझा आकडा कशाकशामुळं चुकलेला असू शकतो त्याची कारणं त्याच पानावर खाली लिहून काढ, आणि समर फेलोशिपच्या अर्जात ‘तुम्हाला रिसर्च का करायचाय’ असं विचारतील तिथं ते पान उतरवून काढ.